दोन दोरांमधली वाळू

बेल्जियम आणि फ्रान्स यांच्यामध्ये दोर बांधण्याचं काम आपल्या वाट्याला येईल, असं फिर्मिन वांडाले यांना नोकरीत असताना कधी वाटलं नव्हतं. मोजणी खात्यात असताना त्यांनी परसांमधून, कोंबड्यांच्या खुराड्यांमधून आणि एकदा तर दोन सख्ख्या भावांच्या स्वयंपाकघरातून हद्दी आखल्या होत्या. पण देशांच्या भानगडीत खातं पडत नसे. निवृत्त माणसाला मात्र कोणीही काहीही सांगू शकतं.

नगराध्यक्षा डेक्लेर्कबाईंचा फोन आला तेव्हा वांडाले खिडकीशी बसून समुद्राकडे बघत होते. त्या दिवसांत सगळ्या झांडकापेल गावाला तेवढाच उद्योग होता. साथीमुळे किनारा बंद होता, खानावळी बंद होत्या, गावाच्या टोकाशी फ्रान्सची सीमाही बंद होती. एकटा समुद्र तेवढा रोज नेमानं ये-जा करत होता आणि त्याला कोणी परवाना विचारत नव्हतं.

"वांडाले," बाई म्हणाल्या, "शनिवारी किनारा उघडायचा हुकूम आलाय. पण फक्त चालण्यापुरता. बसायचं नाही, लोळायचं नाही, टॉवेल पसरायचा नाही. चालत राहायचं. पलीकडे फ्रान्सच्या लेझोया गावातही तसंच करतायत. 'गतिमान किनारा' म्हणतात त्याला."

"बरं."

"आता माणसं चालत सुटली की चालता चालता फ्रान्समध्ये शिरणार. त्याचं काय? टेकडीतल्या सीमेच्या दगडापासून थेट पाण्यापर्यंत दोर बांधायला हवा. तुमच्याइतका काटेकोर माणूस गावात दुसरा नाही."

काटेकोर या शब्दापुढे वांडाले विरघळायचे. त्यांनी होकार दिला, फोन ठेवला आणि मागे वळून पाहिलं तर दारात रोझान उभी होती. तिच्या हातात लोकरीची टोपी होती. ही तिसरी. पहिली दोन विणून होईतो लहान झाली होती.

टोपी ज्या डोक्यासाठी होती ते डोकं लेझोयामध्ये होतं. त्यांची लेक कातलेन तिथल्या एका सुताराशी लग्न करून सीमेपलीकडे राहायला गेली होती. एरवी वांडाले दांपत्य रविवारी पायी जेवायला जाई इतकं ते घर जवळ. पण नात ओदील जन्मली ती नेमकी सीमा बंद झाल्यावर. तेव्हापासून आजी-आजोबांनी नात पाहिली होती ती फोनच्या पडद्यावर, आणि कातलेन फोन इतका जवळ धरायची की त्यांना तिचं नाक सोडून बाकी काही नीट ठाऊक नव्हतं. रोझान नाकावरूनच डोक्याचं माप काढत होती.

"दोर तू बांधणार," रोझान म्हणाली. "म्हणजे दोराच्या पलीकडे कातलेन ओदीलला घेऊन उभी राहू शकते."

"उभं राहता येणार नाही. चालत राहावं लागेल."

"मग चालेल. आपणही चालू. दोर किती रुंद असतो रे?"

"बोटभर."

"बोटभर," रोझान म्हणाली आणि टोपी टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात गेली. तिकडून बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत होता. रोझानला दम्याचा त्रास होता हे खरं, पण हा दमा नव्हता हे वांडाल्यांना कळत होतं. आपण तिला नात दाखवायची, तीही पूर्ण कायद्यात राहून, असं त्यांनी तिथल्या तिथे मनाशी ठरवलं.

दोर आणायचा कुठून, यावर नगरपालिकेत दोन खात्यांची जुंपली. उद्यान खातं म्हणालं, वाळू आमच्याकडे येत नाही. बंदर खातं म्हणालं, कोरडी वाळू आमच्याकडे येत नाही. शेवटी अग्निशमन दलानं एक जुना लाल दोर दिला. 'आग लागल्यास ताबडतोब परत करणे' या अटीवर सही घेतली. आग लागल्यावर हा दोर सोडवायला किनाऱ्यावर कोण धावणार, हे विचारायचं वांडाल्यांच्या जिभेवर आलं होतं. पण सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस असे प्रश्न गिळायला शिकलेला असतो.

शेजारच्या गच्चीतून ओमरचा सल्ला सुरू झाला तो वेगळाच. ओमर निवृत्त दंतवैद्य. समोरच्या माणसाला उत्तर देता येणार नाही अशा वेळी बोलायची त्याची सवय धंद्यातली होती.

"दगडापासून सरळ जाऊ नकोस, फिर्मिन. सीमा तिरकी आहे."

"मला माहीत आहे ती तिरकी आहे."

"किती तिरकी?"

"नकाशात आहे तितकी."

"नकाशा भरतीच्या वेळचा की ओहोटीच्या?"

वांडाल्यांनी खिडकी लावून घेतली. पण प्रश्न आत आला होता. नकाशात सीमा भरतीच्या पाण्यापाशी संपत होती. ओहोटीला पाणी इतकं मागे सरतं की नकाशात नसलेली केवढीतरी वाळू उघडी पडते. तिथं रेघ पुढे न्यायची तर अंदाजानंच. अंदाज! मोजणी खात्यात ही शिवी होती.

दगड शोधताना काटेरी झुडपांनी त्यांच्या विजारीचा मागचा भाग नेला. तो हातानं झाकत, दुर्बिणीला डोळा लावून त्यांनी रेघ धरली. आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त अतिशय सभ्य माणूसच करू शकतो. आपल्याकडून चुकून फ्रान्सची मूठभर वाळूही बेल्जियममध्ये यायला नको, उद्या दोन सरकारांत पत्रापत्री व्हायला नको, म्हणून त्यांनी दोर किंचित आपल्या बाजूला कलता घेतला. दगडापाशी किंचित म्हणजे काहीच नव्हतं. पण रेघ लांब गेली की किंचितचं काय होतं, हे त्यांनी स्वतः नव्या कारकुनांना शिकवलेलं होतं. त्या दिवशी ते फाटकी विजार आणि आंतरराष्ट्रीय संबंध यांतच गुंतले होते.

शनिवारी सकाळी ओहोटीला ते नारिंगी जाकीट घालून, 'चालत राहा' असा फलक लावलेल्या किनाऱ्यावर आले तेव्हा दगडापासून निघालेला दुसरा एक दोर त्यांना दिसला. निळा. तो लेझोयाच्या नगरपालिकेनं मस्यू लकूत्र नावाच्या निवृत्त गणित शिक्षकाकडून बांधून घेतला होता. लकूत्रही तितकेच सभ्य निघाले. बेल्जियमची वाळू चुकून फ्रान्समध्ये यायला नको म्हणून त्यांनी आपला दोर आपल्या बाजूला कलता घेतला होता. दगडापाशी दोन्ही दोर एकत्र होते. पुढे ते एकमेकांपासून दूर होत गेले होते, आणि पाण्यापाशी दोघांच्या मध्ये फुटबॉलचा सामना झाला असता.

दोघे गृहस्थ आपापल्या दोराशी उभे राहून ओरडून बोलले.

"मस्यू, ही मधली वाळू तुमची आहे, घेऊन टाका."

"छे, छे, तुमची आहे. मी नीट मोजलंय."

"मीही नीट मोजलंय. माझी असती तर मी घेतली नसती का?"

"तुमचा दोर इकडे सरकवा ना."

"परक्या देशाकडे दोर सरकवायचा अधिकार मला नाही. तुम्ही सरकवा."

"मला कुठला? पॅरिसला विचारावं लागेल."

जगात माणसं जमिनीसाठी एकमेकांचे गळे धरतात. इथं दोन म्हातारे ती एकमेकांच्या गळ्यात मारत होते, आणि कोणी घ्यायला तयार नव्हतं.

तेवढ्यात रोझान आली. तिनं चांगला कोट घातला होता, मास्कही इस्त्री केलेला होता. पलीकडे निळ्या दोरामागून कातलेन आली, छातीशी झोळीत ओदील. दोघी दगडापासून निघाल्या. दगडापाशी माणसांची गर्दी, मागचे 'चला, चला' करणारे, थांबायची सोय नाही. दोघी समुद्राच्या दिशेनं चालू लागल्या, एक या दोरानं, एक त्या. आणि पावलागणिक एकमेकींपासून लांब जाऊ लागल्या. सुरुवातीला रोझाननं "झोपते का ग रात्री?" विचारलं त्याचं उत्तर ऐकू आलं. पुढच्या प्रश्नाला कातलेननं नुसती मान हलवली. पाण्यापाशी पोचेपर्यंत नात एक ठिपका झाली होती. रोझाननं टोपी उंच धरून हलवली. तिकडून कातलेननं हात हलवला, पण टोपीकडे बघून की आणखी कशाकडे, ते कळायला मार्ग नव्हता.

घरी आल्यावर रोझान टेबलाशी बसून करंदी सोलायला लागली. आलेली सगळी करंदी तिनं सोलली, एकही तोंडात टाकली नाही.

"छान बांधलास दोर," एवढंच ती म्हणाली.

वांडाल्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. आयुष्यभर काटेकोर म्हणवून घेतलं आणि घरच्याच कामात माती खाल्ली, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

रविवारी ऊन पडलं. आणि ओमरनं घडीची खुर्ची काढली.

तो लाल दोराखालून वाकून मधल्या वाळूत गेला, खुर्ची उघडली, बसला आणि बियरची बाटली काढली. बसला! महिने झाले होते त्या किनाऱ्यावर कोणाची पाठ टेकली नव्हती. चालणारे सगळे लोक चालता चालता त्याच्याकडे बघू लागले.

"ओमर, ऊठ," वांडाले दोराच्या अलीकडून म्हणाले.

"कुठल्या कायद्यानं?"

"बसायला बंदी आहे."

"झांडकापेलच्या हद्दीत. तुझी हद्द तुझ्या दोरापर्यंत. तूच बांधलायस."

"मग फ्रान्सच्या कायद्यानं ऊठ."

"त्यांची हद्द त्यांच्या दोरापर्यंत. विचार त्या मास्तरांना." ओमरनं पाय लांब केले. "मी कुठंच नाहीये, फिर्मिन. फार बरं वाटतंय."

सायकलवरून फिरणाऱ्या दोन पोलिसांना वांडाल्यांनी गाठलं. त्यांनी दोरापर्यंत येऊन वाकून पाहिलं आणि आम्हाला दोरापलीकडचा पगार मिळत नाही, असं सांगून ते निघून गेले. अर्ध्या तासात मधल्या वाळूत पन्नास-साठ माणसं बसली होती आणि आणखी येत होती. इकडची मंडळी वाऱ्याला अडवायचे कापडी पडदे रोवून बसली. तिकडची लांबलचक पाव, चीज आणि वाइन घेऊन बसली. एकमेकांना महिनोन्महिने न भेटलेली माणसं भेटत होती. सीमेवरचं गाव म्हटल्यावर निम्म्या घरांचे सोयरे तिकडेच. एका बाईनं तर भाच्याचा वाढदिवस मांडला.

वांडाल्यांचा फोन वाजला. डेक्लेर्कबाई बंधाऱ्यावरून बोलत होत्या. त्यांच्या शेजारी प्रांताहून आलेले तपासणी अधिकारी दुर्बीण घेऊन उभे होते.

"वांडाले, ते बसलेले लोक कोणाचे? आपले की त्यांचे?"

"आपले नव्हेत, बाई. म्हणजे आपले आहेत, पण आपल्याकडे नाहीत."

"साहेब म्हणतायत, भरतीच्या आत हे हटलं नाही तर किनारा बंद. सगळा उन्हाळा बंद. आणि का बंद, ते मी गावाला तुमच्या नावानिशी सांगणार आहे."

उन्हाळा बंद म्हणजे कातलेन लांबून दिसायची तीही बंद. वांडाल्यांनी फोन ठेवला. त्यांनी लकूत्रांना हाक मारली. त्यांनाही त्यांच्या नगराध्यक्षांचा असाच फोन येऊन गेला होता. दोघांनी ओरडून मसलत केली आणि उपाय ठरला. दोघांनी एकाच वेळी खुंट्या उपटायच्या आणि दोर हातात धरून एकमेकांकडे चालायचं. दोर दोराला भिडला की मधली वाळू संपली. कोणी कोणाला काही दिलं नाही, कोणी काही घेतलं नाही.

कागदावर हा उपाय निर्दोष होता. वांडाल्यांनी पाण्याकडचं टोक उचललं, लकूत्रांनी त्यांचं, आणि दोघे पुढे सरकू लागले. मधली माणसं पडदे, खुर्च्या आणि केक उचलून मागे सरली. पण मागे म्हणजे कुठे? दोन बाजूंनी दोर येत होते आणि तिसऱ्या बाजूनं समुद्र. भरती लागली होती. पाणी रुंद टोकाकडून आत शिरलं आणि सगळी माणसं दगडाच्या दिशेनं, जिथं दोन्ही दोर एकत्र येत होते तिथं, चेंगरायला लागली. महिनोन्महिने घरोघरी ज्यासाठी सगळे स्वतःला डांबून बसले ते एकमेकांपासूनचं अंतर दोन मोजणीतज्ज्ञ स्वहस्ते नाहीसं करत होते.

"थांबा, मस्यू," वांडाले ओरडले.

तेव्हाच त्यांना रोझान दिसली. ती मधल्या वाळूत होती. चांगला कोट, आणि कातलेनच्या शेजारी. कधी दोराखालून गेली ते त्यांना कळलंही नव्हतं. दोघींच्या मागे माणसांची भिंत, पायांत पाणी, झोळीत ओदील. पुढच्या रांगेतला एक गडी मास्क हनुवटीखाली घेऊन खोकत होता, आणि रोझाननं ओदीलच्या डोक्यावर आपला हात आडवा धरला होता. तिला स्वतःला दम लागला होता, ते तिच्या खांद्यांवरून इतक्या लांबूनही कळत होतं.

वांडाले घाबरले. आतापर्यंत ते कायद्याला, पत्रापत्रीला, नगराध्यक्षांना घाबरत होते. ती भीती आणि ही भीती यांचं काही नातंच नव्हतं. खोकणाऱ्या माणसांच्या गर्दीत आपली बायको आणि आपली न पाहिलेली नात उभ्या आहेत, आणि त्यांच्याभोवतीचा फास आपल्या हातात आहे, एवढंच त्यांना दिसत होतं.

त्यांनी दोर सोडून दिला.

"इकडे या," ते ओरडले. "सगळे इकडे या. पांगा. जागा आहे इकडे."

"फ्रान्सवाल्यांनी पण?" कोणीतरी विचारलं.

"ज्याला पाय आहेत त्यानं या. नुसतं अंतर ठेवा."

पलीकडे लकूत्रांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, पॅरिसकडे पाहिलं असावं, आणि त्यांनीही दोर टाकला. माणसं दोन्हीकडे पांगली. ज्याला जिकडे मोकळी वाळू दिसली तिकडे तो गेला. फ्रेंच पाव बेल्जियममध्ये आले, वाढदिवसाचा केक फ्रान्समध्ये गेला. ओमर खुर्ची डोक्यावर घेऊन लेझोयाच्या दिशेनं चालता झाला, आणि तिकडच्या एका बाईला तिकडच्या दातांविषयी सांगू लागला.

फोन वाजत होता. वांडाल्यांनी तो घेतला.

"वांडाले, काय चाललंय काय? तुमच्याकडे फ्रेंच आहेत."

"चालतायत, बाई," वांडाले म्हणाले. "कोणीही बसलेलं नाही. हवं तर साहेबांना विचारा."

पलीकडे कुजबुज झाली. दुर्बीण फिरली असावी. साहेब स्वतःच खाली यायला निघालेत, असं सांगून बाईंनी फोन ठेवला.

कातलेन समोर आली. हातभर अंतर राखून थांबली, मग पाणी पायाशी आलं म्हणून पुढे आली. तिनं वडिलांचा मास्क नीट नाकावर चढवला, लहानपणी ते तिची टोपी चढवायचे तसा.

"हात धुतलेस का, पपा?"

"समुद्रात."

तिनं झोळी सोडली. ओदील त्यांच्या अंगावर आली. वांडाल्यांच्या अपेक्षेपेक्षा ती फार जड होती आणि फार गरम होती. नाकाखाली तोंड होतं, तोंडाखाली दोन हनुवट्या होत्या, आणि हे सगळं कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. रोझान त्यांच्या दंडाला धरून उभी होती, धापा टाकत हसत होती. वांडाल्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते मास्कमध्ये गेलं. ते एका जागी उभे राहिले तेवढ्यात ओदीलनं भोकाड पसरलं.

"थांबलं की रडते," कातलेन म्हणाली. "चालत राहावं लागतं."

वांडाले चालू लागले. ओदील गप्प झाली.

मऊ वाळूत बूट रुतवत तपासणी अधिकारी आले तेव्हा वांडाले पाण्याकडे निघालेले होते. साहेबांना त्यांच्या बरोबरीनं चालावं लागलं. त्यांना धाप लागली होती आणि दोन देशांतली माणसं सरमिसळ होऊन इकडून तिकडे चालताना बघून नेमका कोणता गुन्हा घडतोय ते त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांची नजर ओदीलवर गेली. त्या किनाऱ्यावर न चालणारी ती एकटीच होती.

"हे बाळ कोणाचं?" त्यांनी विचारलं. "आपलं की त्यांचं?"

"आमचं," वांडाले म्हणाले.

साहेबांनी मागे वाळूत लोळत पडलेल्या दोराकडे बोट केलं. लाटेनं त्याचं एक टोक केव्हाच निळ्या दोरात गुंतवलं होतं.

"आधी तो दोर उचला, मिस्टर वांडाले. सीमा उघडी पडलीय."

"माझे हात मोकळे नाहीत," वांडाले म्हणाले, आणि फलकावर लिहिल्याप्रमाणे चालत राहिले.